वहिनीच्या पोटात नणंदेचे जंतू

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कधी, तेही सांगते. गेल्या वर्षी, गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, ठाण्याच्या वर्तकनगरात आमच्या नाक्यावरच्या दवाखान्यात. आईला सर्दी झालेली. घरोघरच्या आरत्या म्हणून घसा बसलेला, नाक वाहत होतं, अंगात थोडी कणकण. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. साधंसुधं नाही, चांगलं जोरदार. सर्दीला! सर्दी विषाणूंनी होते आणि अँटिबायोटिक विषाणूंचं काहीही वाकडं करू शकत नाही, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.

खोकला राहिला म्हणून मग दुसरं अँटिबायोटिक. त्यानंतर जुलाब सुरू झाले, तर जुलाबांसाठी तिसरं. जंतू कोणता, तो आहे तरी का, हे बघायला शौचाचा नमुना तपासावा, असं कोणालाही वाटलं नाही.

आई शाळेत शिकवते. तिचा आवाज खालच्या मजल्यावरच्या वर्गालाही गप्प करतो. दिवाळीपर्यंत ती घरातून निघायच्या आधी पाणी प्यायचं टाळायला लागली, कारण वर्ग अर्ध्यावर सोडून पळावं लागायचं. मग रजा घेतली. मग साडी नेसणं सोडलं, कमरेवर टिकेना म्हणून. एकदा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, तेव्हा आम्ही तिला थेट कल्याणच्या मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे आम्हाला मॅडम भेटल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर. पेशंटला तपासणाऱ्या नव्हेत, पेशंटच्या आत कोण राहतं ते तपासणाऱ्या. संसर्ग आणि आतड्यातले जंतू हेच त्यांचं संशोधन. त्यांनी पहिल्याच दिवशी नमुना मागितला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वॉर्डात आल्या.

"सापडला," म्हणाल्या. इतक्या आनंदाने, की मला रागच आला.

"तुम्ही कुठे राहता? वर्तकनगर? मग तुम्हाला लगेच कळेल. पोट म्हणजे तुमच्या नगरासारखीच जुनी वसाहत. हजारो भाडेकरू, बहुतेक सगळे कामाचे. अँटिबायोटिकने त्यांना सरसकट बाहेर काढलं. रिकाम्या खोल्यांत एक गुंड घुसला. त्या गुंडाला औषध आहे माझ्याकडे. पण खोल्या रिकाम्याच राहिल्या तर तो परत येणार."

मी पुनर्विकासात बाहेर फेकलेल्या कुटुंबांसाठी पत्रकं वाटत हिंडलेली मुलगी. मला पुढचं समजवायची गरजच नव्हती.

औषधाने गुंड गेला. आई घरी आली, एक पोळी खाल्ली. आणि तो परत आला. पुन्हा औषध, पुन्हा गेला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी आई आणखी थोडी कमी व्हायची. बाबा रात्री तिच्या मनगटाभोवती बोटं लावून बघायचे, तिला वाटायचं हात धरलाय.

तेव्हा मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावलं. आतड्याचे डॉक्टरही होते. "आता भाडेकरूच आणून बसवू," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाच्या तरी निरोगी पोटातले."

"म्हणजे त्या माणसाने नक्की काय द्यायचं?" बाबांनी विचारलं.

"शी."

बाबांनी वळून दरवाजा नीट लागलाय ना ते पाहिलं.

हा काही जादूटोणा नाही. देणाऱ्याचं रक्त तपासतात, शौच तपासतात, कावीळ, जंत, औषधांना दाद न देणारे जंतू, सगळं. मग ते गाळून, तयार करून दुर्बिणीच्या नळीने आतड्यात सोडतात. माझ्या मावशीला कुठून तरी हे घरच्या घरी करायचा व्हिडिओ आला आणि तिने तो पाठवला. मॅडमनी तो बघून मावशीला फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "ताई, घरी केलंत तर बहीण जाईल तुमची. डिलीट करा." मावशीने केला.

देणाऱ्यासाठी अट सोपी होती. माणूस धडधाकट हवा आणि गेल्या तीन महिन्यांत त्याने अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. मी मनात म्हटलं, हात्तिच्या. एवढं मोठं खानदान आहे आपलं.

पहिली बाद झाले मी. दाढ दुखलेली तेव्हा घेतलेल्या गोळ्या. मग बाबा.

"मी कशाला घेतोय? मला काय झालंय?"

"नीट आठवा."

"ती पिवळी का? ती काही माझी नव्हती. तुझ्या काकाची उरलेली. फेकायची कशी?"

आमच्याकडे हेच चालतं. अन्न टाकू नये, तशी गोळीही टाकू नये. डोंबिवलीच्या काकांना बरं वाटलं की उरलेली अर्धी पट्टी आमच्याकडे येते, आमची उरली की शेजारच्या काकूंकडे जाते. वाटीभर भाजी पोचवावी इतक्या प्रेमाने. काकू आपल्या वाटीत आणखी दोन वेगळ्या घालून परत पाठवतात. काका बाद, काकू बाद. कोपरीचा माझा चुलतभाऊ जिममध्ये जातो, दंड दाखवत हिंडतो. मी त्याच्यावर डाव लावलेला.

"मी एकदम क्लीन आहे यार," तो म्हणाला. "फक्त पिंपल्सची एक चालू आहे."

"नाव सांग तिचं."

त्याने सांगितलं. अँटिबायोटिक.

"अगं पण ती चेहऱ्याची आहे!"

"तोंडातूनच गिळतोस ना?"

अख्ख्या सुशिक्षित, नोकरदार खानदानात एक पोट शाबूत निघेना. मला त्या दिवशी जी चीड आली ती आजही गेलेली नाही. आई मरायला टेकलेली आणि आम्ही सगळे मिळून निकामी. सर्दीपायी, पुटकुळ्यांपायी, काटकसरीपायी.

राहिली आत्या. बाबांची धाकटी बहीण, खडवलीला दिलेली. तिचं आणि आईचं बोलणं आमच्या वास्तुशांतीपासून बंद होतं. भरल्या घरात, आमच्या वीतभर ओट्याकडे बघत आत्या म्हणालेली, "ओटा छान आहे हो, वहिनीच्या मनाएवढाच." आईने तिच्या पानात वाढता वाढता पळी थांबवली आणि तिथेच संपलं.

पण आत्याला गोळी गिळता येत नाही. लहानपणापासून. पेढ्यात लपवून दिली तर पेढा खायची आणि गोळी थुंकायची. घरातले सगळे तिला यावरून हसत आलेत. मी त्याच संध्याकाळी खडवली गाठली. ती ओटीवर पावटे सोलत बसलेली.

"आत्या, शेवटची गोळी कधी घेतलेलीस?"

"घेतली असती तर तुझ्या बापाने पेपरात छापून आणलं असतं."

मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझी घाण वहिनीच्या पोटात घालणार?"

"हो."

"आणि ती तयार आहे?"

"तिला अजून सांगितलं नाहीये."

आत्या एवढी हसली की मांडीवरचे पावटे अंगणात गेले. मग डोळे पुसत म्हणाली, "खूप वाळली का गं?" मी मान हलवली. ती उठली. "कल्याणला यायचंय ना? उद्याच येते. तुझ्या आईला म्हणावं, तोवर दम धर."

आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"जगात दुसरं कोणी मिळालं नाही?"

"नाही मिळालं, आई."

"नीट तपासून घेतील ना पण? तिच्यात काहीही असू शकतं."

आत्याच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. मॅडम अहवाल घेऊन लॅबमधून स्वतः बाहेर आल्या. "बाई, असं पोट मला क्वचित बघायला मिळतं!" त्या दिवसापासून आत्याची मान जी ताठ झाली ती झालीच.

मग ते झालं. काहीच थाटमाट नाही, थोडा वेळ दरवाजा बंद, आणि आई परत खोलीत. आम्ही वाट बघत बसलो. काही दिवस गेले, जुलाब थांबले. बोलायची हिंमत कोणाला होईना, दृष्ट लागेल म्हणून. मग एका सकाळी आईने चहा मागितला, एक घोट घेतला आणि ओरडली, "हा चहा आहे? कपड्याचं पाणी आहे हे!"

बाबा कप धरून तिथेच रडायला लागले. मीही.

गुंड परत आला नाही. महिने गेले, नाही आला. मॅडमनी आम्हाला संगणकावर दोन चित्रं दाखवली. आधीच्या नमुन्यात जवळजवळ एकाच रंगाचा ढीग, नंतरच्यात रांगोळीच्या डब्यातले सगळे रंग. "ही वस्ती भरली," म्हणाल्या. आत्या शेजारीच उभी. "वहिनी, आता सांग, आत कोणाचं राज्य?"

"आधी भाडं भर," आई म्हणाली.

आई पुन्हा शाळेत जाते. सलग तास घेते, पोटभर पाणी पिऊन. खालच्या मजल्यावरचा वर्ग पुन्हा गप्प असतो.

आणि मी? मी पत्रक काढलं. कोणाच्या नावाने शिमगा नाही, नुसतं काय घडलं ते. मॅडमना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं. नाक्यावरचे डॉक्टर आले, मागच्या खुर्चीवर बसले, शेवटी उठून त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून घेतलं. आता त्यांच्याकडे सर्दीचा पेशंट गेला तर गुळण्या करायला सांगतात, आणि पेशंटने गोळीचा हट्ट धरला तर म्हणतात, "त्या मुलीला बोलावू का?" माझ्या आजवरच्या कुठल्याही मोर्चाला एवढं यश आलेलं नाही.

पण त्या हॉलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. मॅडम म्हणाल्या, निरोगी माणसांचे नमुने मिळाले तर आपल्या लोकांच्या पोटात कोण नांदतं ते समजेल, आणि पुढच्या पेशंटसाठी देणारे आधीच तपासून ठेवता येतील. कोण देईल? हॉल गच्च भरलेला. रक्तदानाला रांग लावणारे लोक, मेल्यावर डोळे देऊ म्हणून फॉर्म भरलेले लोक. एकही हात वर नाही. सगळे चपला शोधायला लागले. आत्या खडवलीहून आलेली, ती तेवढी उभी राहिली. पण एक आत्या किती जणांना पुरणार?

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती नाही करत. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेलं औषध पूर्ण घ्या. पण सर्दीला अँटिबायोटिक गिळू नका, दुसऱ्याची उरलेली पट्टी घरात घेऊ नका. आणि जवळच्या कुठल्याही रुग्णालयात असं संशोधन चालू असेल तर तिथे जा, झाकणाची ती छोटी डबी मागा, आणि भरून द्या. लाजायचं असेल तर घरी येऊन लाजा. कोणाची तरी आई आत्ता पाणी न पिता घराबाहेर पडतेय. द्या.