डिस्कला लावलेलं ऑइल

गाडीच्या जुन्या ऑइलचा वास आला की माझी पहिली माउंटन बाइक आठवते. दुकानदार म्हणत होता, नवशिक्याला साधे रबरी ब्रेक बरे; मीच डिस्क ब्रेकचा हट्ट धरला. मिठागरात जन्म घालवलेल्या वडिलांनी "खारा वारा लोखंड खातो रं" म्हणत फावड्याला चोपडतात तसं सगळ्या सायकलीला ऑइल चोपडलं, ब्रेक ज्या चकतीला पकडतो त्या डिस्कलासुद्धा. त्याने ब्रेक धरत नाही, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी खाडीपुलाच्या उतारावर ब्रेक लागेचना. समोर कंटेनरची रांग. जिवाच्या आकांताने दाबत राहिलो, शेवटी सायकल मिठागराच्या चिखलात घातली. वडील बांधावरून धावत आले. "मला मारायचं होतं का, बाबा?" ऑइलने चकाकणाऱ्या डिस्ककडे बोट दाखवत मी ओरडलो. "मी तं तिला जपाया गेलो व्हतो," ते म्हणाले. नंतर त्यांनी तिला कधीच हात लावला नाही. आता ते नाहीत, आणि सायकल गंजून चाललीय.