पत्र्याचं शेल्टर

मेसमध्ये आठ-नऊ वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. सुट्टीवर गावी गेलो की लोक खजूर मागतात, अत्तर मागतात. किस्से कुणी मागत नाही. म्हणून तुमच्या माथी मारतोय!

आमची मेस सौदीच्या वाळवंटात, अमेरिकन सैनिकांच्या एका ट्रेनिंग कॅम्पात. मी सॅलडवर. मेन कुक हर्णैचे अन्वरचाचा, वय साठीकडे झुकलेलं, जीभ तिखट.

*

नियम असा, की आमच्यातला कुणीही मेसबाहेर पडला की मागे बंदूकवाला एस्कॉर्ट हवा. अगदी संडासलासुद्धा! एकदा चाचांचा एस्कॉर्ट, विशीतला सैनिक, बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपला. चाचा बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. एकट्याने परतायची परवानगी नाही ना! तासाभराने आमच्या काँट्रॅक्ट कंपनीचा साहेब आला. सैनिकाला काही नाही. चाचांना वॉर्निंग लेटर, कामावर गैरहजर म्हणून.

मी विचारलं, "चाचा, उठवलं का नाही त्याला?"

"दचकून गोळी घातली असती तर? त्यापरीस लेटर बरं!"

*

एकदा गावावर धाड घालायच्या सरावासाठी भाड्याने आणलेले 'गावकरी' कमी पडले. मग आम्हालाच झगे चढवले. सैनिकांनी दारं लाथाडली, आम्हाला वाळूत पालथं पाडलं, हात मागे बांधले. ऑफिसर खूश, "व्हेरी रिअल!"

बारा वाजता तेच सैनिक ताटं घेऊन लायनीत. एकजण हसून म्हणाला, "नो हार्ड फीलिंग्ज, चाचा?"

चाचांनी दाढीतली वाळू झटकली. "चिकन की बीफ?"

मला मात्र फार राग आला होता. अजूनही येतो.

*

मग आसपास खरीच मिसाइलं पडायला लागली. सायरन झाला की सैनिक काँक्रीटच्या बंकरमध्ये, आणि आम्ही मेसमागच्या पत्र्याच्या शेडखाली. बंकरमध्ये जागा होती, मी स्वतः पाहिली आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "तुमच्या कंपनीला विचारा." कंपनीचा साहेब म्हणाला, "बंकर फौजेचा." चाचांनी 'आम्हालाही शेल्टर द्या' असा अर्ज लिहून घेतला, आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

दोन आठवड्यांनी अर्ज मंजूर! माणसं आली आणि आमच्या शेडवर पाटी लावून गेली: 'शेल्टर'.

*

चाची हर्णैहून टीव्ही बघून फोन करायच्या. "अहो, या ना परत."

"काँट्रॅक्ट खलास झालं की आलोच."

"बाँबपासून लपायला जागा तरी आहे का तिथे?"

"आहे तर! पाटीपण लावलीय."

*

गेल्या महिन्यात ऐन जेवणाच्या वेळी सायरन झाला. सैनिक ताटं टाकून बंकरकडे धावले, आम्ही शेडकडे. आकाशातच प्रचंड आवाज झाला आणि जळते तुकडे खाली यायला लागले. त्यातला एक तुकडा शेडचा पत्रा फाडून आत घुसला तो थेट चाचांच्या मांडीत. मी ॲप्रन सोडून जखम आवळली, पण रक्त थांबेना. मी बंकरच्या दिशेने गळा फाटेपर्यंत ओरडत होतो, "डॉक्टर! डॉक्टर पाठवा!"

तेवढ्यात लाउडस्पीकर लागला. ऑल क्लिअर. बंकरमधली हजेरी पूर्ण झाली आहे. कॅम्पमधले सगळे सुखरूप आहेत.

चाचांनी डोळे उघडले. "ऐकलंस ना? सुखरूप आहोत आपण."