मुनीरच्या तळ्यातल्या तिलापी

मुनीरच्या तळ्यातले मासे मी मारले. हे आजवर कुणालाही सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. गेल्या महिन्यात तो, माझा दोस्त, गेला. त्याला माती देऊन परतलो आणि तेव्हापासून घास उतरत नाही…

कापड विणायचे लूम विकून मुनीरने अंजूर गावातल्या जागेत तळं खणलं, तिलापी सोडल्या. आफ्रिकेतून आलेला हा मासा, आपल्याकडे स्वस्त म्हणून लोक नाक मुरडतात. "सुरमई खाणाऱ्यांच्या घरात तिलापी! लोक काय म्हणतील?" त्याची बायको, आमच्या भाभी, टोमणा मारत. तो हसे. "अगं, एकदा हिचं तोंड तर बघ!" मलाही त्याने काठावर बसवलं. एका मादीभोवती जिऱ्याएवढ्या पिल्लांचा ढग तरंगत होता. मुनीरने हात वर केला, पाण्यावर सावली पडली, आणि अख्खा ढग तिच्या तोंडात शिरला. जबडा मिटला. पाणी रिकामं! "पिल्लं आत असली की ही काही खात नाही, विलास. भूक लागत नसेल का रे हिला?"

मी जवळच्याच कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर. एकदा कापड धुतलेल्या कॉस्टिकच्या जहाल पाण्याची टाकी भरली, ते न्यायला टँकर आलाच नाही, मालक फोनवर शिव्या घालू लागला. मी नाल्याकडचा व्हॉल्व उघडायला लावला. त्या पाण्याला रंग नसतो. नाला मुनीरच्या बांधाच्या भेगेतून तळ्यात झिरपतो, हे मला ठाऊक होतं. सकाळी तळं पांढऱ्या पोटांनी भरलेलं. एका मादीचे कल्ले अजून हलत होते. मुनीरने तिला बोअरच्या पाण्याच्या बादलीत सोडलं. तोंड घट्ट मिटलेलं. थोड्या वेळाने ते उघडलं… आणि पिल्लं बाहेर आली, जिवंत, पोहत. मग ती आडवी झाली. "सुभानल्ला," मुनीर पुटपुटला आणि बादलीपाशी उकिडवा बसून राहिला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काल खाणं जास्त पडलं माझ्या हातून. पाणी नासलं. त्यानेच ना?"

"असेल," मी म्हणालो.

ती पिल्लं त्याने ड्रममध्ये वाढवली. पण खाण्याची मूठ उघडण्याआधी भाभींना हाक मारायचा, "एवढं बस ना गं?" "दाखवा आधी! तुमच्या हाताचा भरवसा नाय," भाभी आतून ओरडत. तो निमूट मूठ दाखवायला जायचा. मी तिथेच चहा पीत बसलेला असायचो.

परवा भाभींना भेटलो. "माणूस सोन्यासारखा, पण हाताला अंदाज नव्हता बघा," त्या म्हणाल्या. मी उठून आलो.

हे छापून येईल. भाभी उर्दू शाळेत शिकल्या, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. त्यांच्यासमोर बसून, मुनीरच्या हातून काहीच चुकलं नव्हतं, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.