सुकतीची वेळ

पटकथा वाचून त्यांवर अभिप्राय लिहिणं हा माझा धंदा. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत बसून मी लोकांच्या नायिकांना स्वतःचा शोध लागला की नाही, ते ठरवते. निर्मात्यांच्या ऑफिसात माझ्या शब्दाला वजन आहे आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी उरणच्या एका कोळी मुलीची पटकथा आली. पहिलीच होती तिची, आणि ती पुढे जाणार की परत, हे माझ्या अभिप्रायावर होतं. सासरी दबून गेलेली एक बाई घरचे उठायच्या आत रिकामी टोपली घेऊन खाडीवर जाते. पहिल्या दिवशी पहाटे पाचला, मग पावणेसहाला, मग साडेसहाला. पुढे काहीतरी निमित्त काढून जाते. शेवटी भर अकरा वाजता, सासू समोर बसलेली असताना, टोपली उचलते आणि निघते.

वाचताना मी सारखी उठत होते. चहा केला, गॅलरीत गेले, पुन्हा बसले. काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळेना. मग नेहमीप्रमाणे पांडित्याची फोडणी दिली. सरकत्या वेळा म्हणजे नायिकेचं सुटत चाललेलं भान. रिकामी टोपली म्हणजे तिचं रितेपण. प्रतीकं ओढूनताणून आणलेली, शेवटाला कारण नाही, कथानक अस्पष्ट. दिलं पाठवून.

ऑफिसनं तो अभिप्राय तिला धाडला आणि तिनं मला फोन केला. भांडली नाही. जाताना टोपली रिकामीच असते, एवढं आधी म्हणाली. मग वेळांवर आली.

"सुकतीला जाते ती, मॅडम. पानी रोज पाऊन तास उशिरा उतरतं. शेवटी दिवसाढवल्या उतरतं, तवा सगल्यांच्या देखत जावं लागतं. नायतर घरी बसावं लागतं."

म्हणजे ओहोटीच सगळं कथानक पुढे ढकलत होती. याहून स्पष्ट काय असतं? आणि मी तर मूळची कामोठ्याच्या जुन्या गावातली. माझी आई ओहोटीला खाडीच्या चिखलात शिवल्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला जायची. आमचं जेवण कधी दहाला, कधी दोनला, तिचं पाणी उतरेल तसं. मैत्रिणींच्या घरी बाराच्या ठोक्याला ताटं मांडत, म्हणून मला आईची लाज वाटायची. कॉलेजात गेल्यावर मी खाडीचं नावच टाकलं.

लगेच ऑफिसला फोन लावला. चूक माझी आहे, पटकथा पुन्हा घ्या म्हटलं. निवडलेल्या पटकथांची यादी सकाळीच पुढे गेली होती. मी हुज्जत घातली, शेवटी रडवेली झाले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तिला पुढच्या वर्षी पाठवू दे.

दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिला फोन करून माफी मागितली. पटकथा परत गेल्याचं तिला कळलंच होतं. मग, मला तिच्याकडून काय हवं होतं देव जाणे, मी आईचं सांगत सुटले. शिवल्या, चिखलानं भरलेले पाय, जेवणाच्या वेळा, सगळं.

तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं.

"मंग तुमाला कसं नाय कललं, मॅडम?"