शेजारच्या भाऊजींची काळी नाणी

अख्ख्या भिलाईत लोखंड सोडून दुसऱ्या धातूवर जीव टाकणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. प्लँट उभा राहत होता ते दिवस. भट्टी कधी पेटणार, क्वार्टर कुणाला मिळणार, रशियन साहेब काय खातात, याशिवाय सेक्टरमध्ये दुसरा विषय नसे. शेजारच्या भाऊजींना मात्र यातलं काहीच कळत नसे. ते प्लँटच्या स्टोअरमध्ये कारकून, तुमसरकडचे, एकटे जीव. त्यांचा सगळा प्राण इंग्रजांच्या जुन्या नाण्यांत. नुकतेच नवे पैसे आले होते, आणे-पै बाजारातून निघून चालले होते, आणि जो तो जुनी नाणी खपवायच्या मागे असताना हे गृहस्थ ती गोळा करत होते. काड्यापेट्यांची खोकी एका मोठ्या पुठ्ठ्यावर, त्यांच्या भाषेत बोर्डावर, चिकटवायची, त्यांत कापूस घालायचा आणि त्यावर एकेक नाणं निजवायचं. राणीछाप रुपया, तराजूचा कंपनी पैसा, भोकाचा पैसा. सनाखाली टिंब असेल तर मुंबईची टाकसाळ, नसेल तर कलकत्त्याची, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की पोळ्या लाटताना पिठाचे ठिपके दिसले तरी मला मुंबई आठवे.

त्यांच्याबरोबर सुपेल्याच्या बाजारात जाणं म्हणजे फजिती ठरलेली. पावशेर वांगी घ्यायची आणि भाजीवालीला तिचा बटवा पोत्यावर उलटा करायला लावायचा. एकदा रुपयांची माळ घातलेली एक मजूर बाई पाटी घेऊन चालली होती, तर हे तिच्यामागे वाकून चालायला लागले. ती गर्रकन वळली, "का देखत हस गा?" भाऊजी हात जोडून म्हणाले, "बाई, सन देखना था, सिर्फ सन!" तिचा नवरा फावडं घेऊन आला, तेव्हा आमच्या ह्यांनी मधे पडून सोडवलं आणि घरी येऊन बजावलं, "यापुढं भाऊजींसंगं बाजारात जायचं नाही. लोकं आपल्यालेही त्यातलेच समजतात."

गणपतीत तर त्यांनी कहर केला. आरतीचं ताट फिरत आलं, त्यात कुणीतरी टाकलेला तराजूचा पैसा होता. भाऊजींनी खिशातून रुपयाची कोरी नोट काढून ताटात ठेवली आणि तो पैसा उचलला. नोट ठेवताना कुणी पाहिलं नाही, पैसा उचलताना सगळ्या मंडपानं पाहिलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण ते आमचे शेजारी. मला एवढंच म्हणायचं होतं की बायांनो, त्यांनी रुपया टाकला आहे. पण मी तोंड वळवलं आणि समईची वात सारखी करत बसले. भाऊजी पैसा मुठीत धरून, मान खाली घालून निघून गेले.

त्यांची नाणी बघायला आजवर कुणी आपणहून आलं नव्हतं. आम्ही बघत होतो ते चहा संपेपर्यंत, शेजारधर्म म्हणून. आणि एके दिवशी भाऊजी धावतच आले. "वहिनी, आपल्या प्लँटातले एक रशियन साहेब येऊन राहिले! रविवारी! तेही नाणे जमवतात म्हणे. माया बोर्ड पाहाले येऊन राहिले!" चाळिशीचा माणूस, पण डोळे लहान पोरासारखे असे चमकत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. ज्याला कळतं असा एक माणूस एकदा येऊन बघणार, एवढंच त्यांना हवं होतं. नेमकं त्याच आठवड्यात गावाहून वडिलांच्या आजारपणाची तार आली. किल्ली माझ्याकडे देऊन ते गेले, रविवारी सकाळच्या गाडीनं परत येतो म्हणाले.

शनिवारी खोली झाडायला म्हणून मी गेले आणि बोर्ड बघून मला कसंसंच झालं. सगळी नाणी काळी, मेणचटलेली. परदेशी माणूस येणार, आणि त्याला आपण हे दाखवणार? भाऊजींची लाज वाटायची सवयच झाली होती मला, ती अशी कामाला आली. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाचे रुपये आदल्या दिवशी घासून लखलखीत करायचे, हे मी लहानपणापासून करत आले. चिंच भिजत घातली, चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दुपारभर बसून दोनशेच्या वर नाणी घासली. पुसून, ज्याच्या त्याच्या पेटीत परत ठेवली. बोर्ड असा झळकत होता की मी स्वतःवरच खूश झाले.

रविवारी भाऊजी पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. नजर बोर्डावर, पिशवी खाली ठेवायचंही भान नाही. मग म्हणाले, "लय मेहनत घेतली वहिनी तुमी. चहा करता का थोडा?" मला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीत.

साहेब आले, संगती दुभाषा. खिशातून भिंग काढून त्यांनी एक नाणं उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललंच नाही. चेहरा उतरला. मी पोह्यांच्या बश्या घेऊन उंबऱ्यात उभी होते. दुभाषा म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, इनको घिसा किसने?"

भाऊजी चटकन म्हणाले, "मैंने. मालूम नहीं था."

मग साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं की जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजेच त्याचं वय, तो घासला की नाणं मेलं. आवाज मऊ होता, जसं आपण अडाण्याला समजावतो तसा. आणि ज्या माणसाला टिंबावरून टाकसाळ कळत होती तो माणूस पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा "हां जी, हां जी" करत होता. मी बोलू शकले असते. एक वाक्य होतं. मी बश्या टेबलावर ठेवल्या आणि आमच्या घरी निघून आले. साहेब पुन्हा कधी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. "भाऊजी, मायं नाव कावून नाही सांगितलं?"

ते बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवत होते. म्हणाले, "लोकाईसमोर मान खाली घालाची मले सवय हाये वहिनी. तुमाले नाही." आणि मला रडू येतंय असं बघून घाईघाईनं म्हणाले, "अवं, होतीन ना काळे परत! शंभरेक वर्ष लागतीन, बस."

ते हसले, म्हणून मीही हसले. माफी मागायची राहिली. पुढं त्यांनी नोकरी सोडली आणि ते तुमसरला गेले. जाताना बोर्ड त्यांनी सतरंजीत गुंडाळून नेला. मी दारात उभी होते, तेव्हाही बोलले नाही.