आटे जुळेनात

कोलशेतच्या एका कंपनीत मी कॅलिब्रेशनचं काम करते. प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे, जे समोर येईल ते तपासायचं, किती चुकतंय ते काढायचं, दुरुस्त करायचं आणि वर स्टिकर चिकटवायचा. स्टिकर लागला की त्या वस्तूला कोणी बोट लावायचं नाही. मोठे साहेबसुद्धा लावत नाहीत, कारण मी ओरडते हे सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं हे केल्यावर घरातली एक जुनी लेथ आपल्याला रडवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने अक्षरशः रडवलं.

डोंबिवलीत आम्ही तळमजल्यावर राहतो. मागची गॅलरी ग्रील लावून बंद केली आहे, तिथे ही धातू कातायची लेथ असते. नवऱ्याने ती विठ्ठलवाडीच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणली होती. तो बँकेत होता, लोखंडाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण सुट्टीचा दिवस उजाडला की हा माणूस गॅलरीत. शिलाई मशीनचा स्क्रू, कुकरच्या दांड्याचा बोल्ट, कुणाच्या नळाची दांडी, असलं काहीबाही करत बसायचा. सोसायटीत कोणी 'बाजारात मिळत नाही हो' असं म्हणायची खोटी, हा हात पुढे करून उभा. मी कुरकुर करायचे. पितळेचा कीस पायाला लागून घरभर व्हायचा आणि झाडायचा मीच.

मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र रुसल्यासारखा राहिला. हलतो, पण पकड नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता, तो सोफ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडला. "अरे, दाब ना जरा," म्हटलं की म्हणायचा, "राहू दे गं." सगळ्यालाच 'राहू दे'. चहात साखर कमी पडली, राहू दे. मित्र भेटायला येतो म्हणाला, राहू दे. दुपारी मी ऑफिसात असताना तो नुसता छताकडे बघत पडून असायचा, आणि त्या दुपारींचा विचार करून माझं कामात लक्ष लागायचं नाही.

एक दिवस म्हणाला, "ती लेथ देऊन टाकू. कशाला जागा अडवायची?"

जुन्या लेथवर आटे पाडायचे तर दर वेळी बाजूचे लोखंडी गियर काढून दुसरे बसवावे लागतात. ते जड असतात, दोन्ही हात लागतात. हे त्याच्या हातून होणार नव्हतं. आंबिवलीचा एक वर्कशॉपवाला घ्यायला तयारच होता, दिवाळी झाली की टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी मध्ये पडले. म्हटलं, गियरची भानगडच काढून टाकते. तुकडा पकडून फिरणारा चक किती फिरला ते एक सेन्सर मोजेल, तेवढ्या हिशोबाने एक मोटर लांबचा स्क्रू फिरवेल आणि हत्यार पुढे सरकेल. स्क्रीनवर आकडा टाकायचा, बटण दाबायचं. डाव्या हाताने होईल. दिवाळीपर्यंत नीट चालली तर ठेवायची, नाही तर आंबिवलीला जाऊ दे. तो 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काही जीव नव्हता, पण मला तेवढं पुरलं.

मोटर बसवली, बेल्ट बसवला, वायरी ओढल्या. इथपर्यंत सगळं सुरळीत. खरं काम पुढचं होतं, म्हणजे मशीन सांगते तेवढंच सरकते का हे बघायचं. किती सरकलं ते मोजायला डायल गेज लावला. थोडं कमी भरलं. हे अपेक्षितच होतं. आकडा दुरुस्त केला, परत चालवली, बरोबर आलं. मी खूश होऊन भजी तळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले, सहज एक पितळेचा तुकडा लावला आणि आटे पाडले. नट दोन फेरे गेला आणि अडकला. गेज लावला तर कालचं माप गायब. आकडा काल होता तोच होता. मी पुन्हा दुरुस्त केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोटर कण्हायला लागली आणि मध्येच थांबली. मी मोटरचा जोर वाढवला, वेग कमी केला, कशीबशी ताळ्यावर आणली. पुढच्या संध्याकाळी बघते तर उलटंच, सगळं ढिलं, हत्यार हाताने ढकललं तर पुढेमागे हलतंय. म्हणजे जे यंत्र काल घट्ट म्हणून अडत होतं तेच आज सैल म्हणून चुकत होतं. चूक असावी, माझं काही म्हणणं नाही. चुकीवरच माझं घर चालतं. पण चूक एका जागी तर असावी! रोज वेगळी चूक म्हणजे चेष्टा झाली.

मी वायरींवर संशय घेतला आणि सिग्नलमध्ये गडबड होऊ नये म्हणून जाळीचं आवरण असलेल्या वायरी आणल्या. अर्थिंगवर घेतला, इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याचं डोकं खाल्लं. बेल्ट बदलला. सेन्सर काढून परत बसवला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही माझं तेच चालायचं, डब्यातली भाजी कुठली होती हेही आठवायचं नाही. घरी आल्यावर पर्स टाकून थेट गॅलरीत. आणि हा दारात खुर्ची टाकून बसलेला, माझ्याकडे बघत.

"नट बसतोय की," तो म्हणायचा.

"दोन फेरे बसतोय. त्याला बसणं म्हणत नाहीत."

"मग राहू दे."

मला इतका राग यायचा! लेथचा, त्या मोटरचा, आणि खरं सांगायचं तर त्याचाही. दिवाळी तोंडावर आली होती, आंबिवलीहून 'कधी येऊ?' असा फोन येऊन गेला होता. मी एकटीच मरमर मरत होते आणि ज्याच्यासाठी मरत होते तो खुर्चीतून गंमत बघत होता. एका संध्याकाळी मी पाना जमिनीवर आपटला. फरशीचा टवका उडाला. त्याने वाकून पाना उचलून ठेवला.

शेवटी मी घरची बाई झाले नाही, ऑफिसातली झाले. ऑफिसात एखादा नट आपोआप सैल होतो का हे बघायचं तर आम्ही त्याच्यावर रंगाची एक रेघ मारतो, अर्धी नटावर आणि अर्धी बाजूच्या भागावर. नट हलला की रेघ तुटते. लांब स्क्रूच्या टोकाला एक नट असतो, तो आवळला की स्क्रूतला ढिलेपणा जातो, फार आवळला की मोटर अडते. माझ्या दोन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच असणार. रंग नव्हता, कपाटातलं नेलपॉलिश काढलं आणि लाल रेघ मारली. तो तेव्हा आत बातम्या बघत होता.

दुसऱ्या दिवशी आले तर रेघ तुटलेली. नुसती तुटलेली नाही, नटावरचा तुकडा चांगला अर्धा फेरा पुढे गेलेला. पुढे म्हणजे आवळण्याच्या बाजूला. मी बघतच राहिले. नट आपोआप सैल होतो, आपोआप आवळला जात नाही. घरात दिवसभर एकच माणूस असतो.

"ह्याला हात कोणी लावला?" मी गॅलरीतूनच ओरडले.

तो दारात आला. "सैल वाटला. मी आवळला."

"आज?"

"रोजच बघतो. तू ऑफिसला गेलीस की."

"रोज?"

"कधी आवळतो, कधी सोडतो. तुझं जुळत नव्हतं ना. म्हटलं, बघू या तरी." मग जरा थांबून म्हणाला, "पण मी नीट करून ठेवलं की तू संध्याकाळी येऊन आकडे बदलतेस. मग परत बिघडतं."

माझं डोकं फिरलं. म्हणजे इतके दिवस संध्याकाळी मी जे जुळवत होते ते दुपारी हा मोडत होता, आणि दुपारी हा जुळवत होता ते मी. मी सगळं बोलून घेतलं. वायरींचं, इलेक्ट्रिशियनचं, माझ्या वाया गेलेल्या संध्याकाळींचं. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. तो ऐकत उभा होता आणि त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. बोटांच्या पेरांत काळं ग्रीस गेलं होतं. साबणाने न निघणारं, रोजचं.

"पाना कुठल्या हाताने धरतोस?" मी विचारलं.

"डाव्यानेच. पण ह्याने आधार द्यावा लागतो, नाही तर निसटतो." त्याने उजव्या हाताकडे बघितलं. "आधी फार निसटायचा."

माझा राग काही लगेच गेला नाही. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "हे बघ, उद्यापासून ह्या मशीनला कोणीही हात लावायचा नाही. मी माप घेऊन स्टिकर लावणार. संपलं."

"आणि मग उद्या दुपारी मी काय करू?" तो म्हणाला.

मी हात पुसले, आत जाऊन फोन उचलला आणि आंबिवलीच्या माणसाला सांगितलं, टेम्पो पाठवू नका, मशीन अजून नीट चालत नाही.