आक्काची नखं

निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून जाताना तो उग्र वास आला की चौथीतला निबंध आठवतो. मी एवढंच लिहिलं होतं, ‘लग्न झालं आणि आक्का सासरी गेली.’ बाई म्हणाल्या, “ती निघाली तेव्हा तुला काय दिसलं? तिथं जरा थांब की गं.” मग मी लिहिलं, आक्काच्या हातांना हळद होती आणि नखांत तंबाखूचा काळा थर, घासूनही न गेलेला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. आई मात्र चिडली, “नखातलं कशाला लिवलीस? ती वखारीत जायची हे सासरी सांगितलं न्हाय आपण!” माहेरी आल्यावर आक्कानं निबंध वाचला, हसली आणि हात पदराखाली घेतले. ते हसणं कसलं होतं, मला अजून कळलेलं नाही.